नेपथ्याचा वर्ग कशासाठी?

एकांकिका स्पर्धांचा हंगाम आला की नाट्यवर्तुळात एक वाद हमखास डोके वर काढतो. विद्यापीठातल्या नाट्यशास्त्राच्या मुलांना नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा शिकवून साधते काय? एक बाजू म्हणते, ही कामे विंगेत उभे राहून शिकायची असतात, वर्गात बसून कुणाला खिळा ठोकता येत नाही. दुसरी म्हणते, शिकवा, पण बाजारात चालेल तेच शिकवा. इव्हेंट, मालिकांचे सेट, एलईडीच्या भिंती, आराखड्यांचे सॉफ्टवेअर. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौकटीत व्यवसाय-कौशल्याचे श्रेयांक वेगळे काढल्यापासून या दुसऱ्या बाजूचा आवाज चढला आहे. दोन्हीकडची माणसे तळमळीने बोलतात, पण त्यांनी गृहीत धरलेली गोष्ट एकच आहे. नाटकाचा विचार लेखक आणि दिग्दर्शक करतात, आणि तो करून झाल्यावर जे सुतारकाम, शिवणकाम आणि वायरिंग उरते ते नेपथ्य. मग भांडण एवढ्यावरच येते, की ते उरलेले काम कुणी कुठे शिकावे.

मला ही सुरुवातच मान्य नाही. नेपथ्य ही संहिता वाचण्याची एक रीत आहे. म्हणून ती विद्यापीठात शिकवायला हवी, आणि पुढे नेपथ्यकार होणाऱ्या दोघाचौघांना वेगळी काढून नव्हे, तर अभिनय, लेखन, दिग्दर्शन शिकणाऱ्या प्रत्येकाला शिकवायला हवी. सेट बांधण्याचे आणि वर्गात शिकवण्याचे अशी दोन्ही कामे मी करते, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही कडा मला रोज लागतात.

एक उदाहरण जवळून पाहू. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७मध्ये ‘रंगायन’ या संस्थेने रंगमंचावर आणले आणि तेव्हापासून ते अभ्यासक्रमांत ठाण मांडून आहे. एक हौशी नाट्यमंडळी गावातल्या हॉलमध्ये जमते, गंमत म्हणून खोटा खटला खेळते, आणि आरोपी ठरते ती त्यांच्यातलीच लीला बेणारे. लीला बेणारे या व्यक्तिरेखेवर चार पाने लिहिता न येणारा विद्यार्थी विरळा. त्या विद्यार्थ्यांना मी पुठ्ठ्याचे मॉडेल करायला सांगते. प्रमाण १:२५, म्हणजे माणूस जेमतेम साडेसहा सेंटिमीटरचा. आणि एकच प्रश्न विचारते, हॉलचे दार कुठे? बहुतेकांनी दाराचा विचारच केलेला नसतो. मग संहिता पुन्हा उघडली जाते. नाटक सुरू होताना बेणारेचे बोट त्याच दाराच्या कडीत सापडते. कडी किंचित बाहेर राहिली तर दार बाहेरून लागते आणि माणूस आत अडकतो, हे गावातला सामंत तिला तेव्हाच सांगतो. पुढे खोट्या खटल्याचा फास आवळत जातो, ती बाहेर पडायला निघते, आणि ते दार उघडत नाही. आता ठरवा. दार मागच्या भिंतीत मधोमध ठेवले, तर तिथवर गेलेल्या बेणारेची पाठ आपल्याकडे होते, तिच्या आणि प्रेक्षकांच्या मधे ती सगळी मंडळी उरतात, आणि प्रेक्षक नकळत कोर्टाच्या बाजूने तिच्याकडे पाहू लागतो. तेच दार बाजूच्या भिंतीत, पुढच्या विंगेपाशी आणले, तर ती आपल्यापासून हातभर अंतरावर येऊन अडकते. तिचा अर्धा चेहरा दिसतो, कडीशी झटापट करणारी बोटे दिसतात, कोर्ट तिच्या पाठीशी जाते. प्रयोग दोन्ही प्रकारे उत्तम होऊ शकेल. पण दाराची जागा ठरली त्या क्षणी हे नाटक कुणाच्या डोळ्यांनी पाहायचे, तेही ठरले. चार पानी उत्तरात जो प्रश्न विद्यार्थ्याला पडलाच नाही, तो पुठ्ठ्याच्या एका तुकड्याने पाडला. याला हस्तकला म्हणून वेगळ्या कप्प्यात कसे टाकायचे?

आणि ही समज काही आजची नाही. ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन ग्रंथात भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले, त्यांत आंगिक, वाचिक आणि सात्त्विकाच्या जोडीला आहार्य बसवला. वेश, रंग, अलंकार, मंचावरच्या वस्तू हे सगळे अभिनयातच मोजले. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात मंडपांचे आकार येतात, तिथे माणसांसाठी मध्यम, म्हणजे ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद मंडप चांगला ठरवला आहे. कारण दिले आहे तेही नीट वाचण्यासारखे आहे. याहून मोठ्या मंडपात शब्द विस्कटतात आणि चेहऱ्यावरचे भाव दिसेनासे होतात. आधी प्रेक्षकाचा डोळा आणि कान, मग बांधकाम. ज्या ग्रंथाचा आपण प्रत्येक पाठ्यपुस्तकात पहिल्या प्रकरणात गौरव करतो, त्याचा हा क्रम आपल्या अभ्यासक्रमांनी मात्र उलटा केला आहे.

आता विरोधकांचे वजनदार मुद्दे. पहिला असा, की मराठी रंगभूमीला ज्यांनी डोळे दिले त्यांच्यापैकी कोण नाट्यशास्त्राची पदवी घेऊन आले होते? कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबुराव पेंटरांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले, ते पिढीजात कारागिरीच्या बळावर. नेपथ्यकार पु. श्री. काळ्यांची ओळख झाली ती कुंचल्यावर. बंगालमध्ये १९५९ साली उत्पल दत्तांच्या ‘अंगार’मध्ये तापस सेनांनी निव्वळ प्रकाशाच्या जोरावर खाणीत पाणी चढत गेल्याचा भास उभा केला, त्यांनाही कुठल्या विद्यापीठाने प्रकाशयोजना शिकवली नव्हती. हे सारे खरे आहे आणि मला ते मनापासून मान्य आहे. विंगेत जे शिकता येते, ते वर्गात शिकता येत नाही. दिव्यापुढे लावलेला रंगीत जिलेटिनचा कागद तापून कधी विरतो, मांजरपाटावर रंगाचा हात ओला असताना आणि वाळल्यावर किती वेगळा दिसतो, हे कळायला हात काळे करावेच लागतात.

पण या युक्तिवादात एक झोल आहे. प्रतिभावंत शाळेवाचून घडले, म्हणून शाळा निरुपयोगी, हा न्याय आपण इतर कुठल्या विषयाला लावतो? आपल्या कित्येक थोर कवींनी काव्यशास्त्राची परीक्षा दिली नव्हती. म्हणून मराठीचे विभाग बंद करा, असे कुणी म्हणत नाही. आणि गुरूच्या हाताखाली मिळालेली विद्या गुरूबरोबर जाते, त्याचे काय? संगीत नाटकांच्या त्या रंगवलेल्या पडद्यांपैकी अभ्यासाला आज किती हाती लागतात? रंग कशात कालवले, दूरचा महाल दूर दिसावा म्हणून रेषा कुठे आवळली, हे कुणी कुठे टिपून ठेवले? ज्या कलेची नोंद, चिकित्सा आणि वाद घालण्याची जागाच नाही, ती कला प्रत्येक पिढीत पहिल्या पायरीवर येऊन उभी राहते.

उलट दिशेचे उदाहरणही आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाने १९२५मध्ये नाट्यविभाग सुरू केला, आणि स्टॅन्ली मॅककँडलेस हा वास्तुकलेचा पदवीधर तिथे रंगमंचीय प्रकाश शिकवू लागला. तोवर या विषयाचा धड अभ्यासक्रम कुणी बांधला नव्हता. मुलांना शिकवता शिकवताच त्याने एक पद्धत बसवली. नटाच्या वावराची जागा लहान क्षेत्रांत विभागायची, प्रत्येक क्षेत्रावर दोन बाजूंनी तिरका प्रकाश टाकायचा, एक उबदार रंगाचा, एक थंड रंगाचा, म्हणजे चेहऱ्याला घडण येते. १९३२मध्ये तिचे पुस्तक झाले. आज आपल्याकडच्या नाट्यगृहात जो प्रकाशयोजनाकार मंचाचे सहा किंवा नऊ भाग पाडून दिवे लावतो, तो बहुधा नकळत या वर्गातलेच गणित वापरतो. याच मॅककँडलेसच्या हाताखाली जीन रोझेन्थाल शिकली आणि प्रकाशयोजना हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभा राहण्यात तिचा मोठा वाटा आहे. विंगेतून वर्गाकडे विद्या जाते, हे सगळेच सांगतात. वर्गातून विंगेकडेही ती इतक्या मुबलक आलेली आहे, हे सांगायचे राहून जाते.

मराठीतही हेच घडले. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ केले. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनचे. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, आणि रंगवलेल्या राजवाड्यांच्या जागी भिंती-दारे असलेली खरीखुरी वाटणारी घरातली खोली मंचावर आली. ती खोली कुणा सुताराच्या कसबातून सुचलेली नव्हती. युरोपातले नवे नाटक वाचून, त्यावर वाद घालून, आपल्या रंगभूमीने कसे असावे याचा विचार केलेल्या सुशिक्षित तरुणांनी ती मागितली, तेव्हा सुतारांनी ती बांधली. सुतार उत्तम होते म्हणून ती उभी राहिली, हेही खरेच. पण तिची गरज वाचनातून जन्माला आली.

विंगेच्या बाजूने बोलणारे आणखी एक गोष्ट विसरतात. विंग सगळ्यांना सारखी उघडी नसते. तिथे शिरायला कुणी तरी हात धरून न्यावे लागते. पहिली काही वर्षे हाती फारसे पैसे पडत नाहीत, तालमी रात्री उशिरापर्यंत, दौरे अपरात्रीचे. दादर-गिरगावात किंवा पुण्याच्या पेठेत डोक्यावर छप्पर असलेल्या मुलाला हे परवडते. गंगाखेडच्या शेतमजुराच्या मुलीला कसे परवडावे? घरच्यांना ती काय सांगणार, कुणाच्या भरवशावर रात्री दीड वाजता सेट भरून घरी येणार? विद्यापीठात प्रवेशाचा अर्ज असतो, आरक्षणाची यादी असते, वसतिगृह असते, आणि आपण कशासाठी घराबाहेर आहोत हे सांगायला एक नाव असते. ‘ज्याला शिकायचे तो विंगेत येईल’ या वाक्याने रंगभूमीच्या दारावरून किती जण परत गेले, याची नोंद कुणाकडेच नाही, कारण ते कधी आतच आले नाहीत. नेपथ्याचे क्षेत्र आजही इतक्या मोजक्या शहरांतल्या, मोजक्या घरांतल्या पुरुषांच्या हाती का राहिले, याचे उत्तर गुणवत्तेत शोधणे मला अन्यायाचे वाटते.

पुण्यात या वादाला एक वेगळे, अधिक तात्त्विक वळण मिळते, आणि मला तोच विरोध सर्वांत आदरणीय वाटतो. महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांपैकी पुरुषोत्तम करंडकाची परंपरा लेखन, दिग्दर्शन, अभिनय यांवर भर देणारी. झगमगाटावर गुण मिळवू नका, असे ती मुलांना बजावते. फिरोदिया करंडकात चित्र, शिल्प, वाद्य, जे जे येते ते सारे मंचावर आणण्याची मुभा. दोन्हींत घडलेली माणसे मी पाहिली आहेत. पहिल्या परंपरेतले जाणते सांगतात, की सेटच्या मागे लपणारा नट आणि दिव्यांनी झाकलेली दुबळी संहिता आम्ही पुष्कळ पाहिली. नाटकाला नट आणि प्रेक्षक पुरतात. हे म्हणणे खोटे नाही. हंगामात एखाद्या प्रयोगात धुराचे यंत्र सुरू झाले की काही बाके ओळखून घेतात, की आता संवाद संपले.

पण मंच रिकामा ठेवणे म्हणजे नेपथ्य नाकारणे, असे कुणी ठरवले? बंगाली नाटककार बादल सरकारांनी चौकटीचा रंगमंच सोडला, अंगणात, खोलीत, मैदानात प्रयोग केले, पडदे आणि सेट टाकून दिले. हा माणूस व्यवसायाने स्थापत्य अभियंता आणि नगररचनाकार होता. माणसे कुठून येतात, कुठे दाटतात, कुणाला काय दिसते, जागेचा माणसाच्या वागण्यावर काय परिणाम होतो, हा त्यांच्या रोजच्या कामाचा विषय. त्यांनी प्रेक्षकाला नटाच्या शेजारी बसवले ते जागेचा विचार पक्का होता म्हणून. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये १९७२ साली ब्राह्मणांची रांग हीच भिंत झाली, हाच पडदा झाला. ती पाठमोरी झाली की मागे काय चालले आहे ते झाकते, सरकली की उघडे पाडते. पेशवाईतला ढोंगीपणा सांगायला सुशिक्षित सभ्य माणसांच्या पाठींची भिंत वापरणे, याहून नेमके नेपथ्य मराठीत किती झाले असेल? त्यात लाकडाचा एक तुकडा नाही. आणि तळकोकणातला दशावतार पाहा. एक पडदा आणि एक बाकडे. राजा बसला की ते सिंहासन. नट स्वतःचा पेटारा उघडतो, स्वतःच्या हाताने तोंड रंगवतो, किरीट चढवतो, आणि त्या बाकड्यावर पाय कसा ठेवायचा हे त्याला ठाऊक असते, कारण दृश्य घडवण्याची जबाबदारी त्याने दुसऱ्या कुणावर टाकलेली नाही. कमीत कमी साधनांचे नाटक करणाऱ्या नटालाच दृश्याची समज सर्वांत जास्त लागते. मग ती त्याला शिकवायची नाही, असा निष्कर्ष साधेपणाच्या नावाखाली कसा निघतो?

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझी १९६२ ते १९७७ संचालक होते. अभिनय, नेपथ्य, वेश, प्रकाश त्यांनी एका शिस्तीत बांधले. १९७४मध्ये त्यांनी पुराना किल्ल्यात ‘तुघलक’ केले, तेव्हा किल्ल्याच्या पायऱ्या आणि उंची हेच नटांच्या हालचालींचे व्याकरण झाले. अशा जागी चालायला नटाला स्वतःच्या देहाचे मोजमाप कळावे लागते. आपल्याकडे मात्र अभिनयाचा विद्यार्थी लेव्हलवर, म्हणजे मंचावरच्या चौथऱ्यावर, चढायचे तेव्हा पायाखाली बघतो आणि ‘सेट अजून सवयीचा झाला नाही’ म्हणतो.

नोकऱ्यांच्या मुद्द्याला थोडक्यात उत्तर देते. मराठी व्यावसायिक नाटकांत नेपथ्यकार म्हणून पोट भरणारी माणसे मोजकी आहेत आणि दरवर्षी बाहेर पडणाऱ्या सगळ्या पदवीधरांना तिथे जागा नाही, हे उघड आहे. पण बाजाराच्या आजच्या मागणीवर अभ्यासक्रम बांधणे हा त्यावरचा उपाय नाही. हॅलोजनचे पार दिवे आणि प्रकाश कमी-जास्त करणारे जुने डिमर ज्यांनी फक्त चालवायला शिकले, त्यांच्यासमोर एलईडी आले तेव्हा त्यांची विद्या कोरडी पडली. बाजूने आलेला प्रकाश देहाला कापतो आणि समोरून आलेला सपाट करतो, हे ज्यांना कळले होते त्यांनी दिव्यांचा नवा बोर्ड चार दिवसांत हाताखाली घातला. सॉफ्टवेअर शिकवाच, पण कशासाठी वापरायचे ते आधी शिकवा. शिवाय आपल्या व्यावसायिक रंगभूमीच्या अडचणी याच अभ्यासाचा खराखुरा विषय आहेत. दुपारी एका नाट्यगृहात, रात्री दुसऱ्यात प्रयोग. फ्लॅट, म्हणजे सेटच्या सुट्या भिंती, दुमडून गाडीत बसले पाहिजेत, मंचाची खोली प्रत्येक ठिकाणी वेगळी, आधीच्या नाटकाचा सेट निघाल्याशिवाय आपला लागत नाही. या अटींत दाराचा अर्थ न हरवता तेच घर तीन वेगळ्या मंचांवर उभे करून दाखवा, हा पदव्युत्तर वर्गाला देण्याजोगा बौद्धिक पेच आहे. अटी सांगून प्रश्न घालणे शिक्षकाचे काम. तिकीटबारीचा धाक नसताना चुकीचे दार लावून बघण्याची मुभा मुलाला मिळते, ती फक्त इथे.

राहिला तो मुद्दा, ज्यात विरोधकांशी माझे काहीच भांडण नाही. आज हा विषय बऱ्याच ठिकाणी वाईट शिकवला जातो. दिव्यांचे प्रकार सांगून आकृती काढा, असा प्रश्न येतो आणि ज्याने फ्रेनेल हा दिवा कधी हाताने फिरवला नाही तो पट्टीने त्याची सुबक आकृती काढून गुण घेतो. कार्यशाळेच्या खोलीत खुर्च्या रचलेल्या असतात. मॉडेल परीक्षेच्या आदल्या रात्री भाड्याने करून घेतले जाते आणि बाहेरून आलेल्या परीक्षकाला ते कळतेही, पण तो काय करणार, त्याला वीस मिनिटांत तीस मुले उरकायची असतात. हे थांबवायचे तर लेखी प्रश्नपत्रिका या विषयातून काढावी लागेल. मॉडेल वर्गातच, शिक्षकासमोर, महिनाभर घडले पाहिजे, आणि गुण द्यायचे ते विद्यार्थी आपल्या निवडीचा बचाव संहितेतल्या कुठल्या ओळीवर करतो त्यावर.

शिकवणारा माणूस कोण, हा त्याहून कठीण प्रश्न. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट उघडली. पीएच.डी. नसलेल्या पण आपल्या क्षेत्रात मुरलेल्या माणसाला मंजूर पदांच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत नेमता येते, जास्तीत जास्त चार वर्षांसाठी. छोट्या नाट्यविभागाला दहा टक्क्यांत अर्धे माणूसही येत नाही, त्यामुळे पद विद्यापीठाच्या एकूण मोजणीतून द्यावे लागेल, आणि ते कुलगुरूंनी मनावर घेतले तरच होईल. त्याच्याही खाली एक थर आहे. ज्यांनी आयुष्यभर सेट लावले, पडदे ओढले, दिवे टांगले त्या रंगमंच कामगारांना आपण वर्गात बोलावतो ते प्रात्यक्षिकाच्या दिवशी सामान हलवायला. त्यांच्यापैकी जाणत्या माणसाला सत्रभर आठवड्यातून दोन तास अभ्यागत अध्यापक म्हणून बोलवा, आणि तासाचा जो दर बाहेरून आलेल्या डॉक्टरेटवाल्याला लावता तोच त्याला लावा. लेखाविभाग पहिल्यांदा फाइल परत पाठवेल आणि शैक्षणिक पात्रतेचा रकाना रिकामा असल्याचा शेरा मारेल. विभागप्रमुखाने ती फाइल घेऊन स्वतः जिना चढायला हवा, आणि बिल निघेपर्यंत तिथून हलू नये.